अंथरुणातला वेळ कमी करा, झोप सुधारेल: जुन्या निद्रानाशावरचा मानसोपचार

झोप लागत नाही असं घरात सांगितलं की सल्ले सुरू होतात. दुधात जायफळ उगाळून घे. तळपायांना तूप चोळ. रात्री जरा लवकर आडवी होत जा. आणि झोप नाही लागली तरी डोळे मिटून पडून राहा, तेवढीच विश्रांती. यातले पहिले दोन सल्ले निरुपद्रवी आहेत. शेवटचे दोन मात्र अगदी मायेने दिलेले असले तरी जुना निद्रानाश अंगात मुरवतात. असं का होतं हे कळलं, की यावरचा मानसोपचार निम्मा समजला.

आधी निद्रानाश कशाला म्हणायचं ते बघू. परीक्षा, लग्नघर, घरातलं आजारपण अशा काळात चार-आठ रात्री झोप उडते आणि मग आपोआप परत येते. त्याला उपचार लागत नाही. बाळंतीण रात्रीतून तीनदा उठते तेव्हा तिला निद्रानाश नसतो, तिला झोपायला वेळच मिळत नसतो. जुना निद्रानाश वेगळा. झोपायला पुरेसा वेळ आहे, अंथरूण आहे, शांतता आहे, तरीही आठवड्यातून किमान 3 रात्री झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा पहाटे फार लवकर उडते. असं किमान 3 महिने चालतं आणि त्याचा त्रास दिवसा जाणवतो: चिडचिड, थकवा, कामात लक्ष न लागणं. डॉक्टर सर्वसाधारणपणे हीच व्याख्या वापरतात.

समजा, नाशिकला राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या 54 वर्षांच्या सुनंदाताई आहेत. स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर. दोन वर्षांपूर्वी यजमानांची बायपास झाली, तेव्हा दवाखान्यातल्या जागरणांनी झोप बिघडली. यजमान बरे झाले, पुन्हा फिरायला जाऊ लागले, पण ताईंची झोप काही परत आली नाही. मग त्यांनी उपाय सुरू केले. साडेअकराऐवजी दहालाच आडवं व्हायचं. रविवारी आठपर्यंत लोळायचं. सुट्टीच्या दिवशी जेवणानंतर तासभर डोळा लावायचा. रात्री नीट झोपल्या नाहीत म्हणून सकाळचं चालणं बंद. रात्री जाग आली की मोबाइल उघडून किती वाजले ते बघायचं.

आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये निद्रानाशाची जी मांडणी केली, ती सुनंदाताईंच्या गोष्टीत जशीच्या तशी दिसते. त्यात तीन घटक आहेत. पहिला मुळातला कल, म्हणजे काळजीचा स्वभाव, घराण्यातच हलकी झोप असणं. दुसरा निमित्त, म्हणजे ऑपरेशन, नोकरी जाणं, घरातला मृत्यू. तिसरा घटक म्हणजे निद्रानाश टिकवून धरणाऱ्या गोष्टी. निमित्त बहुतेक वेळा केव्हाच संपलेलं असतं. स्वभाव बदलणं अवघड. दुखणं चालू ठेवतो तो तिसरा घटक, आणि तो जवळजवळ सगळा आपण झोप मिळवण्यासाठी केलेल्या धडपडीतून तयार झालेला असतो. मानसोपचार नेमका तिथे हात घालतो. बालपणातली दुखरी आठवण शोधत वर्षानुवर्षं बसण्याचा हा प्रकार नाही. साधारण 6 ते 8 भेटींचं, गृहपाठ असलेलं काम आहे. त्याचं नाव कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी फॉर इन्सोम्निया, थोडक्यात सीबीटी-आय.

लवकर आडवं होणं आणि पडून राहणं यात बिघडतं काय, हे कळायला झोपेची यंत्रणा थोडी बघावी लागते. स्वित्झर्लंडमधले संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये मांडलेलं चित्र आजही पायाभूत मानलं जातं. झोप दोन गोष्टींवर ठरते. एक शरीराचं घड्याळ. ते सकाळचा उजेड आणि उठण्याची ठरावीक वेळ यांच्यावर लावलं जातं. दुसरा झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे असू, तितका हा दाब वाढत जातो. मेंदूत साठत जाणारं अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन त्यातला एक भाग आहे, आणि चहा-कॉफीतलं कॅफिन त्याचंच काम अडवतं. शरीरातलं निम्मं कॅफिन निघून जायला साधारण 5 तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अजून अंगात असतं. हा दाब भुकेसारखा आहे. दुपारी चारला फरसाण खाल्लं की रात्रीच्या ताटावर मन बसत नाही, तसंच दुपारी तासभर झोपलं, सकाळी उशिरापर्यंत लोळलं की रात्रीची झोप भुकेली राहत नाही. सुनंदाताई रविवारी आठला उठून रात्री दहाला पडल्या, तर दाब पुरेसा साठायच्या आतच त्या झोपेची वाट बघायला लागतात.

आणि वाट बघण्याचाच पुढे रोग होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बुट्झिन यांनी 1972 मध्ये यावर जो उपचार मांडला, त्याचा आधार अगदी साधा आहे: आपण जिथे जे रोज करतो, ती जागा शरीराला त्याचीच आठवण देते. रात्रीमागून रात्र अंथरुणात जागं राहून, घड्याळ बघून, हिशेब करून, चिडून घालवली, की अंथरूण जागं राहण्याची जागा होते. सोफ्यावर मालिका बघताना डोळे मिटत होते आणि गादीवर पाठ टेकताच टक्क जाग आली, हा अनुभव निद्रानाश असलेल्या बहुतेकांना येतो. त्यात काही गूढ नाही. शरीर ते शिकलं आहे, आणि शिकलेलं विसरताही येतं.

विसरायचं कसं, त्याचे बुट्झिन यांचे नियम असे. झोप आल्यावरच अंथरुणात जायचं. नुसता थकवा पुरेसा नाही, डोळे मिटायला हवेत. अंथरूण झोपेसाठी आणि शरीरसंबंधासाठी. मोबाइल, बँकेची कागदपत्रं, जेवण, भांडण तिथे नको. अंदाजे 15-20 मिनिटांत झोप लागली नाही, किंवा वैताग यायला लागला, की उठायचं. पुन्हा पेंग आली की परत जायचं, आणि तरीही नाही लागली तर पुन्हा उठायचं. सकाळी रोज एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेली असली तरी. दिवसा डुलकी नाही.

वाचायला हे सोपं वाटतं. रात्री दोन वाजता, थंडीत, गोधडी बाजूला सारून उठणं अजिबात सोपं नाही. त्यात आपली घरं. वन रूम किचनमध्ये नवरा, मुलगा, सासूबाई झोपलेल्या असताना उठून जायचं कुठे? म्हणून ही तयारी संध्याकाळीच करून ठेवावी लागते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक खुर्ची किंवा चटई, मंद दिवा, शाल, एखादं आधी वाचलेलं पुस्तक किंवा निवडायची मेथी. काम असं हवं की त्यात मन रमेल पण गुंतणार नाही. भांडी घासायला काढायची नाहीत, बातम्या लावायच्या नाहीत, हिशेबाची वही उघडायची नाही. आणि घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. 15-20 मिनिटं अंदाजाने मोजायची. घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवणं अत्यंत गरजेचं आहे. नाहीतर पहिल्याच रात्री यजमान म्हणणार, ‘अगं, झोप लागत नसेल तर नुसती पडून राहा ना,’ आणि माणूस परत गादीत जाणार.

या उपचाराचा सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात उलटा वाटणारा भाग म्हणजे अंथरुणातला वेळ मोजून कमी करणं. स्पीलमन यांनी तो 1987 मध्येच मांडला. सुरुवात झोपेच्या डायरीने होते. रोज सकाळी उठल्यावर, रात्री नव्हे, वहीत चार-पाच ओळी लिहायच्या: किती वाजता आडवं झालो, अंदाजे किती वाजता झोप लागली, मध्ये किती वेळ जाग होती, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं. सगळं अंदाजाने. मनगटावरच्या झोप मोजणाऱ्या घड्याळाचे आकडे इथे नकोत. त्या आकड्यांचीच धास्ती घेणारे लोक आता बरेच दिसतात.

सुनंदाताईंच्या वहीतली एक रात्र घेऊ. 10 ला आडव्या झाल्या. साडेअकराला झोप लागली. 2 ला जाग आली, पावणेचारला पुन्हा डोळा लागला. 6 ला जाग, साडेसहाला उठल्या. अंथरुणात साडेआठ तास, झोप पावणेपाच तास. सगळ्याच रात्री इतक्या वाईट नसतात. आठवड्याची सरासरी काढली तर समजा साडेपाच तास झोप भरते. साडेआठातले साडेपाच, म्हणजे सुमारे 65 टक्के. उरलेले तीन तास त्या रोज रात्री अंथरुणात जागरणाचा सराव करतात.

आता समुपदेशक त्यांना सांगतात: तुमचं शरीर सध्या साडेपाच तास झोपतंय, तर अंथरुणातही साडेपाच तासच राहायचं. उठायची वेळ 6, ती रविवारी आणि दिवाळीतसुद्धा बदलायची नाही. म्हणजे झोपायला जायचं रात्री साडेबारा वाजता. ऐकणारा माणूस इथे हबकतो. आधीच झोप नाही, आणि आणखी जागायचं? पण त्यामागचा विचार पक्का आहे. दोन-चार दिवसांत झोपेचा दाब इतका साठतो की गादीला पाठ लागताच डोळा लागतो आणि मधली जाग कमी होते. त्या वाईट रात्रीच्या तुटक पावणेपाच तासांच्या जागी सलग पाच तास मिळू लागतात. पाच तास झोप आणि साडेपाच तास अंथरुणात म्हणजे 91 टक्के. आठवडाभराची सरासरी 85 टक्क्यांच्या वर गेली की वेळ 15 मिनिटांनी वाढवायची, म्हणजे सव्वाबाराला झोपायचं. 80 च्या खाली घसरली तर थोडी कमी करायची, मध्ये असेल तर आहे तीच ठेवायची. असं दर आठवड्याला, दिवसा टवटवीत वाटेपर्यंत. अंथरुणातली वेळ 5 तासांच्या खाली सहसा नेत नाहीत.

पहिले दोन आठवडे खडतर जातात, हे कुणी लपवू नये. दुपारी डोळे जड होतात, काम रेंगाळतं. पुष्कळ लोक इथेच सोडून देतात, बहुतेकदा त्यांना आधी कुणी बजावलेलं नसतं म्हणून. सगळ्यात घातक वेळ रात्री साडेनऊ ते साडेबारा. जेवण झालेलं, टीव्ही चालू, सोफ्यावर मान कलते आणि वीस मिनिटांची डुलकी दिवसभर साठवलेला दाब घालवते. या वेळेत उभ्याने करायची कामं ठेवावीत: कपड्यांना इस्त्री, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून-चिरून ठेवणं, इमारतीखाली दोन फेऱ्या.

हा भाग कुणी एकट्याने करून बघू नये, अशा काही अवस्था आहेत. बायपोलर आजारात झोप कमी केली की उन्मादाचा झटका येऊ शकतो. फिट येणाऱ्यांना जागरण धोक्याचं. झोपेत चालणाऱ्यांचा त्रास वाढू शकतो. आणि ट्रक, एसटी, रिक्षा चालवणारे, क्रेनवर किंवा मशीनवर काम करणारे यांना दिवसाची पेंग परवडत नाही. अशांसाठी वेळ फार सावकाश कमी करतात, किंवा हा भाग वगळून बाकीचा उपचार करतात. इंटरनेटवर वाचून घरीच सुरुवात करणाऱ्यांनी हे आधी तपासावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उरला विचारांचा भाग. रात्री दोनला जाग आल्यावर डोक्यात काय चालतं ते सगळीकडे सारखंच असतं. ‘आत्ता लागली तरी चारच तास.’ ‘उद्या ऑडिट आहे, माझं काही खरं नाही.’ ‘असंच चाललं तर बीपी लागणार.’ प्रत्येक वाक्यासरशी छाती धडधडते आणि झोप आणखी लांब जाते. समुपदेशक इथे ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगत नाहीत. ते पुरावा मागतात. गेल्या महिन्यात किती रात्री वाईट गेल्या? त्यातल्या किती दिवसांनंतर खरंच काम चुकलं? सुनंदाताई वहीत बघतात, तर दहा-बारा वाईट रात्री आणि कामात चूक एकदाच, तीसुद्धा बऱ्या रात्रीनंतर. आठ तास झोपलंच पाहिजे, ही समजूतही इथे तपासली जाते. प्रौढांना सर्वसाधारणपणे 7 तास किंवा जास्त झोप लागते हे खरं, पण माणसामाणसांत फरक असतो आणि वयाबरोबर झोप हलकी होते. सत्तरीतल्या आजोबांनी विशीतली झोप मागितली तर ती मिळत नाही, आणि न मिळाल्याची चिंता उरलीसुरलीही घालवते.

काळजीला ठरावीक वेळ देणं हे तंत्र मला फार शहाणपणाचं वाटतं. संध्याकाळी सातच्या सुमारास वही घेऊन 15 मिनिटं बसायचं. डाव्या बाजूला काळजी, उजव्या बाजूला त्यावरचं उद्याचं छोटं पाऊल. ‘मुलीच्या फीचे पैसे’ समोर ‘उद्या सोसायटीच्या पतपेढीत विचारणे’. जिथे पाऊलच नाही, तिथे ‘सध्या काही करता येत नाही’ असंच लिहायचं. रात्री तोच विचार आला की त्याची नोंद झालेली असते. आणखी एक तंत्र ऑस्ट्रियातले मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारातून आलं आहे: झोपायचा प्रयत्नच सोडायचा, अंधारात डोळे उघडे ठेवून शांतपणे जागं राहायचं ठरवायचं. प्रयत्न थांबला की धास्ती उतरते, आणि बऱ्याच जणांना त्यातच झोप लागते.

श्वसन, योगनिद्रा, स्नायू आळीपाळीने ताणून सैल सोडणं यांची मदत होते, पण त्यांचा वापर ‘झोप आणण्याचं हत्यार’ म्हणून केला तर तोही एक प्रयत्न होऊन बसतो. चहा कमी करा, खोली अंधारी ठेवा, रात्री मोबाइल नको, ही झोपेची पथ्यंही चांगलीच. मात्र झोपेच्या विकारांवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं, की जुन्या निद्रानाशावर नुसती पथ्यं हा उपचार म्हणून वापरू नये. आपल्याकडे बऱ्याच रुग्णांना मिळतो तो नेमका पथ्यांचा छापील कागद आणि एक गोळी.

गोळीबद्दल नीट बोलायला हवं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मोरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये निद्रानाश असलेल्या 78 वयस्कर लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फक्त हा मानसोपचार, काहींना टेमाझेपाम ही झोपेची गोळी, काहींना दोन्ही, काहींना औषध नसलेली गोळी. आठवड्यांच्या हिशेबात तिन्ही उपचारांचा फायदा दिसला. दोन वर्षांपर्यंत मागोवा घेतला तेव्हा मानसोपचार घेतलेल्यांची सुधारणा टिकलेली होती, गोळीवाल्यांची नव्हती. 2016 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने जुन्या निद्रानाशाच्या सर्व प्रौढ रुग्णांना आधी सीबीटी-आय द्यावं असं सांगितलं, आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी 2017 मध्ये तेच म्हटलं.

फायदा किती होतो, हेही स्पष्ट असावं. 2015 मध्ये 20 अभ्यास एकत्र तपासले गेले. झोप लागायचा वेळ सरासरी 19 मिनिटांनी आणि मध्यरात्रीचं जागरण 26 मिनिटांनी कमी झालं होतं. एकूण झोप मात्र उपचार संपेपर्यंत 8 मिनिटांहूनही कमी वाढली होती. कुणाला हे निराशाजनक वाटेल. मला ते उपचाराचं खरं स्वरूप सांगणारं वाटतं: झोप आधी सलग होते, तिची भीती जाते, आणि तास नंतर सावकाश वाढतात.

‘पॉइंट टू फाइव्हची अर्धी गोळी’ वर्षानुवर्षं घेणारे लोक आपल्या ओळखीत असतातच. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि केमिस्टला त्यांची नोंद ठेवावी लागते. उतारवयात अशा गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. तरीही हा लेख वाचून कुणी गोळी एकदम बंद करू नये. अल्प्राझोलामसारखी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं अचानक थांबवली तर झोप पार उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिटही येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यांमागून आठवडे मात्रा उतरवत न्यायची असते, आणि या उतरणीत सीबीटी-आयचा आधार चांगला मिळतो.

उपचारापूर्वी दुसरं काही दुखणं नाही ना, हेही बघावं लागतं. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड आणि दिवसा पेंग असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. त्याची तपासणी वेगळी, उपचार वेगळा. रात्री पायांत वळवळ होऊन हलवावेसेच वाटत असतील तर रक्तातलं लोह तपासायला हवं. नैराश्य असेल तर त्यावरचे उपचारही बरोबरीने घ्यावे लागतात, पण ‘नैराश्य गेलं की झोप येईल’ म्हणून झोपेचा उपचार लांबवायचं कारण नाही.

अडचण आहे ती माणसं मिळण्याची. सीबीटी-आयचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले लोक आपल्याकडे थोडे आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना त्यांची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का ते बघावं आणि थेट विचारावं: तुम्ही झोपेची डायरी ठेवायला सांगता का? अंथरुणातला वेळ मोजून ठरवता का? नुसत्या गप्पा आणि ध्यानाची ध्वनिफीत एवढंच असेल, तर तो हा उपचार नव्हे. कुठे जावं हेच कळत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या केंद्र सरकारच्या टेलिमानस या फोन सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

उपचार संपल्यावरही वाईट रात्री येतात. पाहुणे, प्रवास, मुलीचं लग्न, कुणाचं जाणं. सुनंदाताईंना त्या दिवसासाठी एकच गोष्ट शिकवलेली असते: आज झोप झाली नाही म्हणून उद्या लवकर आडवं व्हायचं नाही आणि सकाळी सहाचा गजर पुढे ढकलायचा नाही. सलग दोन-तीन आठवडे झोप मोडत राहिली, तर जुनी वही काढायची आणि पुन्हा नोंदी सुरू करायच्या.